समासातली माणसं

४ जून
चि. धाकट्यास, अ. आ.
पोटदुखी थांबली का? तू फारसी शिकवतोस म्हणून हे काम तुझ्या गळ्यात. आमच्या ग्रंथालयाच्या बांधणीखोलीत फारसी कवितांचं जुनं हस्तलिखित आलंय. प्रदर्शनाच्या काचपेटीत बसावं म्हणून त्याच्या कडा दोन बोटं कापायच्या, असं ग्रंथपालसाहेबांचं फर्मान. समासात बारीक अक्षरांची दाटी आहे. साहेब म्हणतात तो मळ. मला अक्षर कळत नाही, पण मळ असा ओळीत बसत नाही. चार पानांचे फोटो जोडलेत.
मुलांना आशीर्वाद, तुला तगादा.
ताई

११ जून
ती. ताईस, शि. सा. न.
पोट बरं होतं, तुझ्या पत्राने पुन्हा बिघडलं. तुझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?
फोटो वाचले; तुर्की आणि बंगाली ओळी सहकाऱ्यांकडून लावून घेतल्या. कवी म्हणतो, पाहुण्याला गाव विचारू नये. शेजारी कुणा शिपायाने तुर्कीत लिहिलंय, मला प्रत्येक वेशीवर विचारलं. त्याखाली बंगालीत एका बाईचा शेरा : कवी स्वयंपाकघरात गेलेला दिसत नाही, पाहुणा किती दिवस राहणार ते विचारावंच लागतं. तळाशी मोडीत, आपल्या भाषेत : आमची आजी हेच म्हणे, कमी शब्दांत.
ही कविता देशोदेशी पोचली, असं मी वर्गात वीस वर्षं सांगतोय. लोकांनी तिला घरात घेऊन उलट उत्तरं दिली, हे मला ठाऊक नव्हतं.
तरी तू गप्प राहा. मी वरच्या ऑफिसला अर्ज करतो.
माया आहे तशी ठेव, हट्ट थोडा कमी कर.
धाकटा

१८ जून
चि. धाकट्यास, अ. आ.
तुझा अर्ज वर पोचेपर्यंत कडा केरात जातील. कापणार नाही, असं मी साहेबांना लेखी दिलं. ते म्हणाले, सोमवारी बाहेरच्या छापखान्याची गाडी येईल, आणि तुमचं पेन्शन कसं निघतं तेही बघू. मी म्हटलं, बघा.
पस्तीस वर्षं कडा कापल्या. त्यांत किती माणसं गेली असतील, देव जाणे. वाचता येत नव्हतं, म्हणून हात थांबला नाही. आता थांबलाय.
एक नियम मला पाठ आहे. वाचकाने मागणीची चिठ्ठी दिली, की पुस्तक पंधरा दिवस वाचनकक्षातून हलवता येत नाही. भिडस्तपणा सोड आणि चिठ्ठी धाड.
रागावलेय असं समज, म्हणजे लवकर लिहिशील.
ताई

२२ जून
ती. ताईस, शि. सा. न.
सोबत एकतीस चिठ्ठ्या आहेत. वर्गात तो शिपाई आणि ती बाई वाचून दाखवली. पोरं हसली. मग एकीने विचारलं, त्या बाईला पुढच्या पानावर कुणी उत्तर दिलंय का. मी म्हटलं, पान शाबूत राहिलं तर कळेल. सगळ्यांनी तिथेच चिठ्ठ्या भरल्या.
दुसऱ्यांच्या कारभारात नाक खुपसू नका, असं आमच्या विभागप्रमुखांनी बजावलं. मी रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. पहिला वाचक मी. सोमवारी दार उघडण्याआधी पायरीवर असेन. एकेक चिठ्ठी पंधरा दिवसांची; एकतिसावी संपेपर्यंत वर्गात पोरांची पुढची तुकडी आलेली असेल.
लोभ पुरेसा आहे. हस्तलिखित टेबलावर काढून ठेव.
धाकटा