उतारावरची गाडी आणि पाऊण इंची हातब्रेक

ती. वन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार.

गेल्या सोमवारी घरात काय काय आलं ते आधी लिहिते, कारण बाकी काहीही लिहिलं तरी तुमची नजर पहिली तेच शोधणार. हायड्रॉलिक हातब्रेक, उभ्या दांड्याचा, एक नग, चार हजार दोनशे. ब्रेकच्या तेलाचा डबा, तीनशे दहा. ब्रेकची नळी दोन हात, एकशे ऐंशी. नट आणि वायसर पुडीभर, फुकट (मागून घेतले). एकूण चार हजार सहाशे नव्वद, पावती वहीला टाचली आहे. आता पाणी प्या आणि गुडघे कसे आहेत ते सांगा. भाऊजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे देवाच्या कृपेनं सगळं सुखरूप आहे, शिंप्याची पायरी सोडून.

पायरीचं शिंप्यानं तुम्हाला आधीच कळवलंय, हे तुमच्या कार्डावरून समजलं. (माझी पोलकी शिवायला त्याला तीन महिने लागतात, पत्र लिहायला मात्र सवड झाली.) ‘गाडी उतारावर उभी राहत नसेल तर महिनाअखेर भंगारवाला पाठवते’ या वाक्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या आहेत. मामंजींनी गाडी तुमच्या नावावर ठेवली, तेव्हा विकायचा अधिकार तुमचा, त्यात मी तोंड घालणार नाही. पण वन्सं, या गाडीवर मामंजींनी मला चालवायला शिकवलं. शेवटची दोन वर्षं याच गाडीतून मी त्यांना दवाखान्यात नेत-आणत होते. वाण्याचं सामान, गॅसची टाकी, ह्यांचा दंतवैद्य, सगळं तिच्यावरच चालतं. ती भंगारवाल्याच्या दोराला बांधून गल्लीतून जाताना माझ्यानं बघवणार नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. तुम्ही तर पुढच्या सीटवरसुद्धा कधी बसला नाहीत, मागे बसून ‘हळू, हळू’ एवढंच म्हणत आलात, तेव्हा तुम्हाला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

आमची गल्ली तुम्ही पाहिलेली आहे. आम्ही वर, शिंपी खाली, आणि मधे उतार असा की पिशवीतून पडलेला बटाटा शिंप्याकडेच जाऊन आणावा लागतो. हातब्रेकची केबल गेल्या वर्षी ढिली पडली. वहीत पाहिलं तर वीस वर्षांत नऊ केबली झालेल्या. दहावी आणायची नाही, असं मी मनाशी घेतलं आणि विटेवर भागवायला लागले. पद्धत अशी होती, की हे ब्रेकवर पाय दाबून बसायचे, मी उतरून मागच्या चाकाला वीट लावायची, टाळी वाजवायची, मग हे पाय काढायचे. वर्षभर बिनतक्रार चाललं. पण वीट रात्री घरात यायची (गल्लीत वस्तू राहत नाही), तिच्याबरोबर चिखल यायचा, म्हणून एकदा मी ती घासूनपुसून गच्चीवर वाळत घातली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून आलो, मी सवयीनं उतरले, सवयीनं वाकले आणि सवयीनं टाळी वाजवली. गाडी उतारानं जाऊन पायरीचा एक कोपरा कसा गेला, ते शिंप्यानं लिहिलंच आहे. गिऱ्हाईक दुकानाबाहेर उडी मारून गेलं हे खरं, पण ‘प्राण वाचले’ वगैरे त्याच्या पदरचं.

तुमचं कार्ड आलं त्याच दिवशी मी सकाळचा जप आटोपून गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. काचेवर पाटी होती, ‘हायड्रॉलिक हातब्रेक. केबलची कटकट नाही. तेलाच्या दाबावर चालतो.’ वन्सं, मॅट्रिकला मला शास्त्रात बासष्ट गुण होते. तेल तुटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. दुकानदारानं विचारलं, ‘बाई, कशाला हवाय?’ मी म्हटलं, ‘गाडीला.’ त्याचं समाधान झालं. (इथे त्यानं आणखी एक प्रश्न विचारला असता तर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.) मग त्यानं दोन प्रकार पुढे ठेवले, आडव्या दांड्याचा आणि उभ्या दांड्याचा. आडवा दिसायला साधा, पण उभ्याला वरच्या बाजूला मूठ आहे आणि मुठीला भाजीची पिशवी अडकवता येते, म्हणून उभा घेतला. त्यानंतर त्यानं विचारलं, आतला सिलिंडर केवढा देऊ, पाऊण इंची की त्याहून बारीक? दोन्हींची किंमत एकच! बारीक बरा पडेल, असं तो पुटपुटत होता. पण त्याच पैशांत मोठी वस्तू मिळत असताना बारीक घेऊन यायला मी काही कालची आलेली नाही. पाऊण इंचीच घेतला.

बसवायला आपला नेहमीचा मिस्त्री. (गल्लीत त्याला ‘उद्या’ म्हणतात, कारण काम सांगितलं की त्याचं उत्तर तेच.) मी त्याच्या गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसले, म्हणून तो नाइलाजानं आजच आला. त्यानं खोक्यातला दांडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि कामाला लागला. पुढच्या दोन सीटा काढल्या, जुनी सतरंजी उचलली, जुन्या हातब्रेकशेजारी नवा ठोकला, मागच्या चाकांना जाणारी नळी मधे कापून त्याला जोडली. मग सीटा परत लावून म्हणाला, नळीतली हवा काढायची. तो गाडीखाली, मी पेडलवर, हे मागे बाटली धरून. तो ओरडायचा, ‘दाबा! धरा! सोडा!’ नुसतंच पाय हलवत बसण्यापेक्षा तेवढ्यात नाम तरी घेऊन होईल म्हणून मी जपमाळ काढली. एकशे आठ मणी झाले आणि खालून आवाज आला, ‘बास, हवा संपली.’ देवाची सोय बघा. ह्यांच्या हातची बाटली मात्र कलंडली आणि ते तेल बुटावर पडलं. ब्रेकचं तेल रंग खातं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता ह्यांचा एक बूट काळा आहे आणि दुसऱ्याचं अजून ठरायचंय.

काम झालं. गाडी उतारावर उभी केली, मी दांडा ओढला, गाडी जागच्या जागी खिळली. मिस्त्रीनं मान हलवली. हे ओढायला गेले तर दांडा हलेना, दोन्ही हात लावले तरी हलेना. तेव्हा मिस्त्रीनं सांगितलं, की सिलिंडर मोठा घेतलात, मोठ्याला जोर जास्त लागतो. वन्सं, पंचवीस वर्षं मी तुमच्या माहेरच्या चादरी पिळल्या आहेत. माझ्या हाताला तो दांडा म्हणजे ओला टॉवेल. मी पुन्हा ओढून, दांडा सुटू नये म्हणून त्याची खुंटी अडकवून घरात आले, सगळ्यांना चहा दिला. अर्ध्या तासानं खिडकीतून पाहते तर गाडी निघाली होती. धावत नव्हती हो. सासरी निघालेल्या मुलीसारखी, पाय ओढत, थांबत थांबत चालली होती. आम्ही तिघं कप हातात घेऊन बरोबरीनं चालत गेलो, कारण धरून थांबण्यासारखी ती नव्हती आणि पळावं इतकी घाईही नव्हती. शिंपी दुकानातून बघत होता. त्यानं या वेळी उडी मारली नाही, नुसती मशीन उचलून आत ठेवली. (पायरीचा दुसरा कोपरा. आता दोन्हीकडून सारखी झाली आहे.)

तिथेच, शिंप्याच्या पायरीवर बसून, मिस्त्रीनं तोंड उघडलं. ‘बाई, हा गाडी उभी करायचा ब्रेकच नाही. तेलाचा दाब हळूहळू उतरतो. हा शर्यतीवाल्यांचा. पळत्या गाडीत ओढायचा, मागची चाकं धरतात आणि गाडी गर्रकन फिरते. उभी करायला साधी केबलच लागते, साडेचारशेची.’ मी म्हटलं, ‘मग हे आधी नाही का सांगायचं?’ तर म्हणतो, ‘मी कशाला सांगू? मला वाटलं, आहे बाईंची हौस!’ ह्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला. मी मात्र हसले नाही. साडेचारशेच्या कामासाठी चार हजार सहाशे नव्वद घालवून आले, आणि तेही वहीत माझ्याच अक्षरात, शाईनं.

दहावी केबल त्याच संध्याकाळी बसवली. तेव्हा पहिली गोष्ट तुम्हाला खात्रीनं सांगते, की गाडी आता उतारावर उभी राहते. आठवडा झाला, तसूभर हललेली नाही. शिंप्यानं स्वतः येऊन चाकाला दोनदा लाथ मारून पाहिली. पायरी आम्ही सिमेंटनं बांधून दिली आहे. म्हणजे तुमच्या कार्डातल्या अटीप्रमाणे भंगारवाल्याला पाठवायचं कारण उरलं नाही.

राहिला तो उभा दांडा. दुकानदार परत घेईना, तेल लागलेला माल घेत नाही म्हणाला. पैसे देऊन आणलेली वस्तू गाडीत नुसती उभी आहे, हे मला रोज पिशवी अडकवताना टोचायला लागलं. म्हणून रविवारी बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानावर गेलो. मिस्त्री कडेला उभा, हे माझ्या शेजारी, डोळे मिटून. मी देवाचं नाव घेतलं, गाडीला वेग दिला, चाक वळवलं आणि दांडा ओढला. वन्सं, काय सांगू! गिरणीची चिमणी समोर होती ती मागे गेली, फाटक मागे होतं ते समोर आलं, आणि गाडी पोळपाटावर लाटी फिरावी तशी फिरून थांबली. धूळ खाली बसली. ह्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, ‘अगं, आपण आलो तिकडेच चाललोय की.’ पुढे पाऊण तास मी गाडी फिरवत होते. मिस्त्रीनं विटा मांडून दिल्या, त्यांच्यामधून फिरवली. (आपली वीटही होती, तिला एकदाही धक्का लागला नाही.) शेवटी तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, ‘उद्या परत या.’ त्याच्या तोंडून निघालेला हा पहिलाच ‘उद्या’ ज्याच्यासाठी मी थांबायला तयार होते.

असो. फार लांबलं. एका वस्तूच्या खर्चातून मनुष्य किती शिकतो, हे कळावं म्हणून लिहिलं. तुमच्या गुडघ्यांना जपा, भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची आज्ञाधारक,
धाकटी भावजय

ता. क. : सोबत एक फॉर्म घातला आहे. पुढच्या महिन्यात मोटार क्लबची शर्यत त्याच मैदानावर आहे, विटांऐवजी शंकू असतात इतकंच. बायकांच्या गटात पहिलं बक्षीस चार नवे टायर, आणि आपले चारही टायर ह्यांच्या डोक्यासारखे गुळगुळीत झालेत, तेव्हा यात चैन काही नाही. गाडी तुमच्या नावावर असल्यामुळे तुमची सही लागते. पेन्सिलीनं फुली केली आहे तिथे करावी.

ता. क. दुसरा : तुम्ही सही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून फॉर्मबरोबर आणखी एक वस्तू पाठवते. मिस्त्रीनं सतरंजी उचलली तेव्हा खाली मामंजींची गाडीची वही सापडली, तेल, हवा, दुरुस्ती लिहायची ती. सत्तेचाळीसाव्या पानावर त्यांच्या अक्षरात असं आहे : ‘चिरंजीव ताईने आज गिरणीच्या मैदानात हातब्रेक ओढून गाडी जागच्या जागी तीन वेळा फिरवली. केबल तुटली. नवीन टाकली. घरात सांगू नये. शेरा : हात उत्तम. माझ्याहून बरा.’

वन्सं, बाबांनी जन्मात कधी मला चांगलं म्हटलं नाही, असं तुम्ही दर भेटीला म्हणता. त्यांनी म्हटलं होतं. फक्त ते सतरंजीखाली ठेवलं होतं. ते पान मी फाडलेलं नाही, अख्खी वहीच तुमच्याकडे पाठवली आहे. आणि नऊ केबली मी मोजल्या त्या माझ्या वहीतल्या, त्यांच्याही आधीची पहिली तुमच्या खात्यावर होती हे मला आत्ता कळलं. ह्यांना मी यातलं काही दाखवलेलं नाही. मामंजींनी ‘घरात सांगू नये’ लिहिलंय, तर त्यांचा शब्द मी मोडणार नाही.

ता. क. तिसरा : हे येतच नाहीत म्हणतात, त्यांना घेरी येते. शर्यतीत शेजारी बसून ‘डावीकडे, उजवीकडे’ सांगायला माणूस चालतं. पाऊण इंची दांड्याला जोर लागतो, पण पहिली केबल तोडणाऱ्या हाताला तो जड जाऊ नये. तेव्हा नुसती सही पाठवताय, की ‘हळू, हळू’ न म्हणता या वेळी पुढच्या सीटवर बसायला येताय, ते उलट टपाली कळवावे.