तयार किल्टच्या चुण्या आणि घराचे कोरे कलम

मी, महिपती नारायण बगाडे, बी. ए., वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार लोणावळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेस न पडता लिहीत आहे. हृदय दुबळे झाले असे डॉक्टर म्हणतात. बुद्धीविषयी त्यांनी तक्रार केलेली नाही.

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. पुण्यास पदवी घेतल्यावर मी मुंबईस फोर्टात एका स्कॉच शिंप्याकडे बेतकाम शिकलो. नंतर लोणावळ्यास दुकान काढले. माझी पत्नी सौ. शालूबाई पहिल्या दिवसापासून त्या दुकानात शिवते. दत्तोबा पोरे माझ्याकडे उमेदवारी करून गेला व त्याने स्टेशनाजवळ तयार कपड्यांचे दुकान घातले. येथील पेन्शनर शिपायांचा पाइपबँड लग्नाकार्यात वाजतो. त्यांचे किल्ट, म्हणजे चौकडीच्या लोकरी कापडाचे, मागे चुण्या असलेले गुडघ्यापर्यंतचे वस्त्र, गेल्या वर्षापर्यंत मीच शिवले. गेल्या दिवाळीत बँडचे पुढारी रखमाजी शेलार यांनी ते दत्तोबाकडून तयार घेतले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मास्तर, तुमचा घागरा लय झ्याक, पर तो हाती येस्तवर नवरदेवाला पोरं व्हत्यात."

आता व्यवस्था.

कलम पहिले. माझी मोठी कात्री सुदुंबऱ्याचा पुतण्या कोंडाजी यास द्यावी. तिने कागद कापू नये. कोंडाजी तिने सुपारी कातरील अशी मला भीती आहे. तरी पुतण्या आहे.

कलम दुसरे. संस्कृत व गणिताची पुस्तके शाळेस द्यावीत. समासातील माझ्या दुरुस्त्या खोडू नयेत.

कलम तिसरे. दत्तोबास माझे काहीही देऊ नये. त्याच्याच दुकानातून मी माणूस पाठवून विकत आणलेला एक किल्ट मात्र पुढील अभिप्रायासह परत करावा. दोरा जाळून पाहिला. केसासारखा वास आला व राख बोटात चुरली, तेव्हा लोकर खरी आहे, पण अंगाने हलकी. उत्तम किल्टच्या खाली कापडाचा मूळ काठच येतो. येथे दुमडपट्टी आहे आणि ती चालताना चुण्यांना अडते. आतले अस्तर वर्षभरात फाटेल. कापड वाचवण्यासाठी चुण्या उथळ घेतल्या आहेत. कंबर लहान, मध्यम, मोठी एवढीच. रखमाजींचे पोट या तिन्हींत बसत नाही. येथवर पाहून मला समाधान वाटले, हे लपवीत नाही.

मग चुण्यांची शिवण पाहिली. चौकडी प्रत्येक चुणीवर अखंड पुढे जाते. नितंबापासून कंबरेपर्यंत चुणी केसभरही वाकडी न होता निमुळती होते. शिवण यंत्राची नाही, हाताची आहे. स्वस्त तयार मालात असा हात कोणत्याही दुकानदारास परवडत नाही. आणि टाक्यांचा कल उलटा आहे, डावखुऱ्याचा. असा कल मी आमच्या घरच्या गोधड्यांखेरीज कोठेही पाहिलेला नाही.

शालूबाई डावखुरी आहे. दुकानात मी तिला उजव्या हाताने शिवायला लावले, कारण एका दुकानाचा माल एका कलाचा दिसला पाहिजे. ते मत आजही कायम आहे. तिचे उजव्या हाताचे टाके निर्दोष असतात. परंतु दत्तोबाच्या किल्टमधील टाक्यांना निर्दोष म्हणणे अपुरे आहे. ते कोठे ओढलेले नाहीत, कोठे सैल नाहीत; हात काढताच चुणी आपसूक मिटते. असे मला स्वतःला शिवता येत नाही. असे काम माझ्या दुकानात एकदाही झाले नाही, आणि दत्तोबाच्या खुंटीवर ते कोणीही येऊन हाताळतो. तो तिला मावशी म्हणतो. बाजारात त्याच्या दारापाशी तिला हसताना मी पाहिले आहे. ते हसणेही माझ्या परिचयाचे नव्हते.

मी तिला सरळ विचारले, "दत्तोबाचा माल पाहिलास?"

भाकरी उलटत ती म्हणाली, "मी कशाला बघू? तुमीच चार दिस मांडीवर घेऊन बसलाय की."

कलम चौथे. राहते घर व खालची दुकानाची जागा माझी स्वकष्टार्जित आहे. ती शालूबाईस द्यावी की कोंडाजीस, हे ठरलेले नाही. म्हणून नावाची जागा कोरी ठेवली आहे: ______________. शालूबाईचे उत्तर आल्यावर ती मी भरीन. उत्तर न आल्यास तेथे कोंडाजीचे नाव पडेल.

साक्षीदार म्हणून रखमाजींस बोलावले. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे मी त्यांस समजावले. ते म्हणाले, "मग तुमच्या कात्रीतनं वाचलो म्हणायचं." कोरी जागा दिसताच त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कोऱ्या कागदावर सही मी पलटनीत बी केली न्हाई, मास्तर. घर वैनींचं हाय. लिवा नाव, लगीच सही करतो."

त्यांचा पहिला आक्षेप कायद्याला धरून असल्याने मी मान्य केला. दुसऱ्याबद्दल त्यांचे मत विचारलेले नव्हते.

स्थळ: लोणावळे. तारीख: ११ ऑक्टोबर १९३६.
सही: महिपती नारायण बगाडे
साक्षीदार, चौथे कलम भरल्यावर सही करतील:
१. रखमाजी शेलार, लोणावळे
२. हौशीराम कोंडे, कार्ले

शालूबाईस: हा कागद शिवणाच्या मेजावर ठेवीत आहे. ते टाके तुझे आहेत काय? दत्तोबाने मागितले, की तू आपण होऊन दिलेस? तुझा डावा हात मी अडवला नसता, तर असे काम माझ्यासाठी केले असतेस काय? उत्तर लेखी दे. तोंडी सांगू लागलीस तर मी मध्येच बोलेन, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकायचे आहे.