निकाल अजून लागू आहे का

अल हैल, मस्कत
शनिवार, १३ सप्टेंबर २०२५

प्रिय किशोरीताई,

नमस्कार. मी ठीक आहे. उकाडा थोडा उतरलाय, आज सकाळी खिडक्या उघडता आल्या. रेवाचा पुढचा दात आला का?

परवा फोनवर मी एवढंच म्हटलं, "सोमवारी राजीनामा देऊ नकोस." तू ओरडलीस, "अगं, निकाल आपल्या बाजूने आहे असं तूच म्हणालीस ना!" मी मीटिंगचं कारण सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

रेवाला घेऊन तुला मस्कतला राहायला यायचं तर घटस्फोटानंतरही तिच्या बाबाची, सलीलची संमती हवी, नाहीतर कोर्टाची परवानगी. वकिलाची भेट पुढच्या महिन्यात, म्हणून तोवर मी वाचायला घेतलं. सहा शनिवार गेले आणि मजेत गेले. पहिले दोन मी थेट निकालच शोधत सुटले. बरेचसे कॅलिफोर्नियाचे निघाले, आणि तुमच्या न्यू जर्सीच्या न्यायाधीशावर ते बंधनकारक नसतात. मग रीतसर सुरुवात केली: आधी विषय समजावणारं पुस्तक, मग तुमच्या राज्याचा कायदा, मग तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. त्यात २००१चा एक मिळाला. मूल ज्या पालकाकडे राहतं त्याचा हेतू प्रामाणिक असेल आणि मुलाचं नुकसान होणार नसेल, तर जाऊ द्यावं. मी त्याच मिनिटाला तुला फोन केला.

गुरुवारी ऑफिसात हुसैनमियाँना हे सांगितलं. आमच्याकडचे सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन, रत्नागिरीचे.

"मॅडम, उसका नया रिव्हिजन देखा क्या?"

मी हसले. ते हसले नाहीत. "हमारे पुराने ड्रॉइंग पे दिनभर 'रद्द' का ठप्पा मारती हो. और बहन का कागज बिना देखे साइट पे भेज दिया? खलास!"

घरी येऊन पाहिलं. २०१७ साली त्याच न्यायालयाने ती कसोटी सोडून दिली. आता पाहतात ते मुलाचं हित. तुला येताच येणार नाही असं नाही, पण मी सांगितलं तितकं सोपं नाही. तुमच्या कोर्टाजवळ कायद्याचं ग्रंथालय असेल. तिथल्या ग्रंथपालांना विचार, ते शोधायला मदत करतात. आणि वकिलाला दोन्ही निकाल दाखव.

निकाल अजून लागू आहे का हे तपासायचं असतं, हे मला माहीत होतं. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. हवं ते सापडलं म्हणून मी थांबले.

आणखी एक. मे महिन्यात वादी अदाई भागातलं घर सोडून इथे आले, ते समुद्राच्या हवेसाठी नाही. तिथून ऑफिस दहा मिनिटांवर होतं, इथून पाऊण तास. इथे दोन बेडरूम आहेत आणि शाळेची बस खालीच थांबते. तू येण्याचं बोलली नव्हतीस, तेव्हाच मी घर घेतलं होतं.

नवीन निकाल दोनदा वाचला. बापाशी मुलाचं नातं त्यात बारकाईने पाहतात. बुधवारी सलील रेवाला पोहायला नेतो, हे तू नेहमी तक्रारीच्या सुरात सांगतेस. तो एकही बुधवार चुकवत नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. वकिलाकडे जाण्याआधी एकदा त्याच्याशी बोल.

ऑक्टोबरात मी तीन आठवडे तुझ्याकडे येते. रजा मंजूर झाली आहे. काय ठरवायचं ते तू ठरव, मी कागद लावून देईन.

तू इथे यावंस असं मला वाटतं. त्यासाठी निकाल शोधायची गरज नव्हती, नुसतं सांगायला हवं होतं.

तुझी,
अंतरा