शेवटचा भाग ताईकडे आहे

छांगशू, १२ ऑक्टोबर १९८६

ती. युनझेनताईस, सा. न. वि. वि.

चिलगोजे पोचले. अर्धे मी खाल्ले, अर्धे शेजारच्या थांगमावशींनी. त्यांना गप्प बसवायचा दुसरा उपाय मला माहीत नाही. मी आपलं सात तारांचं छिन मांडीवर घेतलं की त्यांना आणि त्यांच्या कोंबड्यांना एकदमच कंठ फुटतो. शाळेतल्या लिन मास्तरांकडून टेपरेकॉर्डर मागून आणलाय. खिडकीवर रजई, यंत्राखाली टॉवेल, घड्याळ स्वयंपाकघरात. एवढं करूनही कॅसेटवर तारांपेक्षा यंत्राची घरघरच जास्त. आपलं वाद्य किती हळू बोलतं, ते आत्ता कळलं.

सोबत कोरी कॅसेट आहे आणि एक हट्ट आहे. बाबांच्या हस्ताक्षरात त्यांच्या त्या लांबलचक चालीचा शेवटचा भाग माझ्याकडे आहे. कुठली तार, कुठलं बोट, सगळं आहे. पण कुठला सूर किती वेळ धरायचा हे आपल्याकडे कोणी लिहीत नाही, ते शिकवणाऱ्याच्या हातूनच घ्यायचं. बाबांनी मला बाकी सगळं दिलं आणि दर वेळी तिथवर येऊन छिनवर कापड टाकलं. म्हणायचे, पुढचं ताईकडे आहे, ती घरी आली की देईल. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. इथली वाजवणारी मंडळी म्हणतात, अंदाजाने बसव. मला अंदाज नको आहे.

खरं सांगू? मला अजून सलतं. तुला शिकवायचे तेव्हा मला वाटाण्याच्या शेंगा देऊन दाराबाहेर बसवायचे. सात वर्षांच्या पोरापासून लपवण्यासारखं त्यात काय होतं? तुझं छिन कसं आहे? त्याच्यावर वाजवून पाठव. संध्याकाळी हे घर मला फार मोठं होतं.

लोभ आहेच, पत्राने तो वाढवावा.
तुझा आपिंग

यीछुन, ९ नोव्हेंबर १९८६

चि. आपिंगला अनेक आशीर्वाद.

कॅसेट मिळाली. टेपरेकॉर्डर आमच्या लाकडाच्या गिरणीच्या मुकादमांचा. माघारी देताना लोणच्याची बरणी द्यावी लागणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं भरून पाठवते आहे. कान अगदी जवळ नेऊन ऐक. घाई करू नको, तुझी खोड जुनी आहे.

इथे गुडघाभर बर्फ आहे. दाशान हार्बिनला वसतिगृहात रमला. तुझे भावजी वारले, पोरगा शिकायला गेला, पण हाताला अजून तिघांचा भात टाकायची सवय आहे. उरलेल्याची सकाळी पेज करते. छिन कसं आहे म्हणून विचारलं होतंस. बरं आहे. तू लग्नाचं कधी बघतोस? बायको आली की रजई खिडकीवर टांगू देणार नाही, एवढं लक्षात ठेव.

तब्येत सांभाळ, माया कमी होऊ देऊ नको.
तुझी ताई

छांगशू, २ डिसेंबर १९८६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हसावं की रडावं कळत नाही. अगं, कॅसेट कोरी आली. लावली आणि बसून राहिलो, नुसती खरखर. तू एकच बटण दाबलेलं दिसतंय. लाल बटण त्याच्याबरोबर दाबावं लागतं, दोन्ही एकदम. मुकादमांना विचार आणि लोणच्याची बरणी निम्मीच दे.

कॅसेट फुकट जायला नको म्हणून मी तिच्यावरच पहिल्यापासून वाजवून भरलं, मला येतं तिथवर. चुका काढ. मग दुसऱ्या बाजूवर तुझं भर आणि परत पाठव. सोबत ओस्मान्थसच्या फुलांच्या वड्या आहेत. गेले तीन आठवडे टपालवाल्याच्या घंटीशिवाय माझ्या दारात कोणी आलेलं नाही, तेव्हा उशीर करू नको.

तुझा आपिंग

यीछुन, २८ डिसेंबर १९८६

चि. आपिंगला आशीर्वाद.

कॅसेट कोरी नव्हती रे.

तुझं पत्र वाचून दोन दिवस चूल पेटवण्यापलीकडे काही केलं नाही. मग म्हटलं, पोराने एवढं वाजवलंय ते ऐकावं तरी. चांगलं वाजवतोस. डाव्या हाताची घसीट थेट बाबांची. तू थांबलास, यंत्र खट् वाजलं, आणि मी बंद करायला उठले तर पुढे मीच वाजवत होते. तू जिथे थांबलास तिथूनच शेवटचा भाग सुरू होतो. लय दोघांचीही बाबांचीच, म्हणून जागा जवळजवळ जुळली. सुरुवातीचे चार ठोके तेवढे पुसले गेलेत, ते खाली लिहिले आहेत.

ठोके म्हणाले ते खरंच. माझं छिन तडकलंय. बाबा गेले तेव्हा दोनच दिवस येता आलं, जाताना ते घेऊन आले आणि तारा चढवायच्या आतच, पहिल्याच हिवाळ्यात, तापत्या कांगच्या, म्हणजे आमच्या झोपायच्या विटांच्या ओट्याच्या, कोरड्या हवेने ते मधोमध उललं. तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते? तेव्हा जेवणाच्या टेबलावर वाजवून पाठवलं. नखांचा आवाज आहे, बोट घासल्याचा आहे. तुला कळेल असं वाटलं.

पण तुला कसं कळणार, तू बाहेर होतास. त्या वर्षांत जुनं काही जपणं हाच गुन्हा होता, छिन घरात आहे हे कळलं असतं तरी बाबांना पकडून नेलं असतं. तारा काढून त्यांनी ते कोळशामागे उभं केलं होतं. शेवटचा भाग मी टेबलावरच शिकले, सरकारने मला इकडे कामाला धाडलं त्याआधीच्या हिवाळ्यात. तुला बाहेर बसवायचे ते राखणीला. कोणी गल्लीत आलं तर खोकायचं, असं तुला सांगितलेलं होतं. आठवतं? तुला तो खेळ वाटायचा.

कॅसेट परत पाठवते आहे. या वेळी तरी कान लाव.

तुझी ताई

छांगशू, २५ जानेवारी १९८७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काय लिहू? मी गाढव आहे, हे तुला आधीपासून ठाऊक आहेच.

कान लावला. बाबांचा कागद समोर ठेवून तुझा एकेक ठोका त्यावर बसवला. मधे एका जागी तू इतका वेळ थांबतेस की मला वाटलं, संपलं. तुझा श्वास तेवढा ऐकू येतो आणि लाकूड जळल्याचा आवाज. कागदावर तिथे काहीच नाही, सूर सोडायचा आणि पुढचा घ्यायचा, बस. तरी मी तुझ्याएवढाच थांबलो. आता वाजवताना सगळ्यात आवडती जागा तीच आहे.

दुसऱ्या बाजूवर पूर्ण भरलंय. रजई लावली नाही, खिडकी उघडीच ठेवली. थांगमावशी आल्या आहेत मधे, माफ कर. तुझ्या ठोक्यांना हात लावलेला नाही. एकच विचारतो, तिथे एवढं का थांबायचं?

तुझा आपिंग

यीछुन, १७ फेब्रुवारी १९८७

चि. आपिंगला अनेक आशीर्वाद.

ऐकलं. अठरा वर्षं जे फक्त बोटांत होतं ते कानांनी ऐकलं. थांगमावशी कोंबड्यांना अजून त्याच शिव्या घालतात, ते ऐकून तर मी कांगवर एकटीच हसत बसले. मग रडले. इथे बघायला कोणी नसतं, ही एक सोय आहे.

त्या जागेचं विचारलंस. तुझं पत्र येईपर्यंत मलाही वाटायचं, चालच तशी आहे. मग टेबलाशी बसून तो हिवाळा आठवून पाहिला. शेवटचा भाग यायचा तेव्हा तिकडची गिरणी सुटायची आणि गल्लीत पावलं वाजायची. बाबा तिथे हात उचलायचे आणि दाराकडे कान द्यायचे. तू खोकतोस का ते ऐकायचे. तू खोकला नाहीस की हात पुन्हा टेबलावर. रोज त्याच जागी. मी पोर, मला वाटलं हेही शिकायचंच आहे.

तिथे मुळात थांबायचं होतं की नाही, आता कोण सांगणार? पण तू ती जागा काढू नको. तुला बाहेर ठेवलं म्हणून सलतं म्हणालास ना, त्या भागात तू पहिल्यापासून आहेस.

बर्फ वितळला की रजेचा अर्ज करते. रजा मिळेल न मिळेल. तोवर वाजवत राहा आणि तिथवर आलास की थांब.

तुझी ताई