अब्बांनी पाहिलेलं शहर

अब्बा, सलाम.

हजहून परतताना पाहिलेल्या ज्या महानगरावर तुम्ही कविता लिहिलीत, तिथेच मला नोकरी लागली. तेव्हा तुम्ही उतरला होता ते घर आज शोधून काढलं. खाली इस्त्रीचं दुकान आहे. दुकानदाराला मी ऐटीत तुमच्या ओळी ऐकवल्या: ‘नदी जणू झटकून पसरलेली चादर, घुमट जणू खळ घातलेली टोपी.’

त्यांनी हातातली इस्त्री उभी केली. “हे तर माझी आई म्हणायची!”

मग सगळं बाहेर आलं. तुम्ही इथे अकरा दिवस तापाने फणफणला होता, उंबरठासुद्धा ओलांडला नाहीत. त्यांची आई शेजारी इस्त्री करता करता तुम्हाला शहर सांगायची. आणि घरी तुम्ही छाती फुगवून म्हणता, ‘या डोळ्यांनी पाहिलंय!’ अहो, आयुष्यात कधी रुमालाची घडी घातली नाहीत, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी चिडणारच होते. पण दुकानदार डोळे पुसत म्हणाले, “आईला जाऊन वीस वर्षं झाली. तिचं बोलणं विसरत चाललो होतो. पुन्हा म्हणा ना.”

मी कविता तीनदा म्हटली. मग कागदावर लिहूनही दिली. खाली दोन नावं घातली, आधी त्यांच्या आईचं.

हे पत्र टाकणार नाही. पुढच्या वेळी तुम्ही ‘या डोळ्यांनी’ म्हणालात, की सगळ्यांच्या आधी मीच मान डोलावेन.

तुमची ऋणी लेक