बाबांच्या पेटीतली एकच ताटली

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? वहिनींनी विणलेला स्वेटर पोचला. एक बाही थोडी लांब झाली आहे, पण मी तो हात जरा वाकवून धरते, म्हणजे कुणाला कळत नाही. त्यांना हे सांगू नकोस. आम्ही इकडे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. आता तू म्हणशील, हातात फोन असताना ही बया पत्र का लिहीत बसली? कारण मी फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या खोलीत पेपरची पानं उलटायची थांबतात. बाबा वाचतात कमी आणि ऐकतात जास्त. (मी विचारलं तर म्हणतात, कान जड झालेत. जड झालेले कान शेजारच्या कुकरची शिट्टी बरोबर मोजतात.) म्हणून हे पत्र. आडपडदा न ठेवता सांगते, बाबा हे घर सोडून त्या नदीपलीकडच्या आपल्या जुन्या खोलीत एकटे राहायला जायच्या तयारीत आहेत असा मला दाट संशय आहे, आणि त्या खोलीची किल्ली तुझ्याकडे आहे.

तुला माझं काम ठाऊक आहे. विमा कंपनीत दावे तपासायचे. कुणाचं घर जळालं की सगळं जग हळहळतं, आणि मी काडेपेटी कुणाच्या खिशात होती ते विचारते. तेव्हा हा संशय उगाच वाऱ्यावर घेतलेला नाही, त्याला पुरावे आहेत. मागे बाबांचा खोकला हटेना म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, ते कळवलंच होतं. नेमकी तेव्हाच आमच्या इमारतीची वीज गेली, पंप बसला, नळ कोरडे पडले आणि लिफ्ट मधल्या मजल्यावर तोंड उघडं टाकून उभी राहिली. मी काय केलं? काही नाही. गार पाण्यात कॉफी ढवळून प्यायले आणि बिस्किटं खाल्ली. (गॅस होता. पण लायटर चालेना, आणि काडीने गॅस पेटवायचा म्हणजे मी ओट्यापासून चार पावलं मागे सरते.) बाबा घरी आले, ओट्यावरचा कप त्यांनी उचलला, वास घेतला आणि काहीच बोलले नाहीत. तिथेच पाल चुकचुकली. ज्या माणसाने जन्मभर शाळेत कवायत शिकवली, जो कुणाच्या बुटाची नाडी सुटली तरी तासभर बोलायचा, तो गप्प बसतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असतं.

आणखी एक. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला औषधं आणायला खाली पिटाळलं. वर आले तर दोघं खिडकीबाहेर बघत उभे. काय बोलणं झालं म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले, हवेबद्दल. आता खोकल्याच्या माणसाशी डॉक्टर हवेबद्दल काय बोलणार? हवापालट, दुसरं काय. आणि आपल्या ओळखीत चांगली हवा एकाच ठिकाणी आहे, त्या नदीपलीकडच्या खोलीत. दोन आणि दोन चार झाले तेव्हाच मी चार लिहून ठेवले.

त्यानंतर पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आली. तिच्यात हळूहळू तांदूळ, डाळ, मीठ, दुधाची पावडर, मेणबत्त्या, डब्यातले वाटाणे, डब्यातले मासे, डब्यातला अननस असं सामान भरायला लागलं. विचारलं तर म्हणाले, संकटकाळाची सोय. कुठलं संकट ते सांगेनात. खालच्या दुकानदाराने जुना माल त्यांच्या गळ्यात मारला असेल असं वाटून मी त्याला जाऊन गाठलं, तर तो उलट मलाच म्हणाला, ताई, मास्तर प्रत्येक डब्यावरची तारीख भिंगातून वाचून घेतात, मीच त्यांना बघून शटर अर्धं ओढतो. तिथे काही हाती लागलं नाही. (तरी त्या माणसाच्या हसण्यावर माझा भरवसा नाही.)

मग गेल्या आठवड्यात सराव सुरू झाला. सराव म्हणजे मेन स्विच बंद, नळाला फडकं, फ्रिजच्या दाराला दोरी, फोन कपाटात, आणि जेवायचं ते फक्त पेटीतलं. बाबा खुर्चीत बसतात, गळ्यात तीच शाळेची शिट्टी. एक आखूड शिट्टी झाली की गॅस बंद करायचा, दोन झाल्या की साठवलेलं पाणी काढायचं, आणि एक लांब शिट्टी झाली की बाबांनी आणलेला नवा घडीचा स्टोव्ह काडीने पेटवायचा. आणि हे सगळं करायचं कुणी? मी. ऑफिसातून दमून आलेल्या बाईने. ते स्वतः काडीला हात लावत नाहीत, नुसते म्हणतात, पुन्हा. काडी विझली, पुन्हा. वात वर आली, पुन्हा. पहिल्या दिवशी माझी एक भुवई निम्मी जळाली, तरी पुन्हाच. लांब शिट्टी ऐकून समोरच्या शिवणकामवाल्या बाई हातात कात्री घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं घरात चोर शिरला. बाबांनी त्यांनाही रांगेत उभं केलं. त्या बाई मुकाट्याने उभ्याही राहिल्या, हे मला जरा खटकलं. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

दुसऱ्या दिवशी माझी बुद्धी चालली. सगळे डबे धुळकट होते म्हणून मी ते गरम पाण्यात घातले, आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगायला लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे कानाने स्वयंपाक होतो. डबा कानाशी धरून हलवायचा. खुळखुळला तर वाटाणे, डचमळला तर अननस, गप्प राहिला तर मासे. मला यातलं काही अजून धड कळत नाही, म्हणून आम्ही एका संध्याकाळी भाताबरोबर अननस आणि दुसऱ्या सकाळी बिस्किटांबरोबर मासे खाल्ले. मी चिडले. बाबा मात्र खूश. म्हणाले, संकट चिठ्ठी लावून येत नाही. मग मला डोळे मिटायला लावून पुन्हा पुन्हा डबे ओळखायला लावले. म्हाताऱ्या माणसाला कशात आनंद वाटेल सांगता येत नाही.

आता पुरावे. बाबा मेणबत्त्यांच्या हिशेबात गुंतले होते तेव्हा मी पेटी तळापर्यंत उपसली. पहिला पुरावा, कॉफी. चांगली मोठी बरणी, मी पिते तीच. बाबांना डॉक्टरांनी कॉफी बंद केली आहे आणि घरात मी त्यांना तिचा वाससुद्धा घेऊ देत नाही. म्हणजे तिकडे जाऊन चोरून प्यायचा बेत आहे. दुसरा पुरावा, त्या शिवणकामवाल्या बाईंनी शिवलेली पाठीवरची पिशवी. घाईने निघायचं झालं तर उचलायची म्हणे. मी ती पाठीला लावून पाहिली तर पट्टे मला अगदी बेताचे बसले. बाबांच्या खांद्याला ते कसे पुरणार? म्हणजे बाईंनी माप चुकवलं, आणि बाबांनी ते त्यांना सुनावलंही नाही. (जे वहिनींच्या मापाच्या पोळीलाही नावं ठेवतात, ते शिवणकामवाल्या बाईंना काही बोलत नाहीत. याचा अर्थ तूच काढ, मी काढला की तू म्हणतोस माझं मन काळं आहे.) आणि तिसरा पुरावा, जो पाहून मी पेटीपाशीच बसून राहिले. पेटीत एक ताटली आहे. एक वाटी, एक चमचा, एक पेला, एक चादर. सगळं एकेक. या घरात आम्ही दोघं राहतो. मग संकट काय एकालाच विचारून येणार आहे?

मी आडून आडून विचारलं. म्हटलं, बाबा, एका ताटलीत दोघांचं कसं भागायचं? तर म्हणाले, भागतं. आणि शिट्टी वाजवली.

दादा, तू म्हणशील जाऊ दे त्यांना, हवा चांगली आहे, महिन्यातून एकदा भेटून येत जा. बोलायला तुझं काय जातं. तुझ्याकडे वहिनी आहेत, घर भरलेलं आहे. माझ्याकडे बाबा आहेत. ते फिरायला जातात आणि जिन्यावर कुणी भेटलं की तिथेच ठिय्या देतात, आणि मी इकडे वाढून ठेवलेल्या पानासमोर आमटी गार होईपर्यंत बसते, कारण त्यांच्याआधी घास माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यावरून रोज भांडण होतं. ते म्हणतात, भूक लागली की जेवावं, माणसाची वाट बघू नये. मी म्हणते, वेळेवर या. हे भांडण बंद झालं तर मला करमायचं नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

असो. सराव अजून चालूच आहे. काल स्टोव्ह मी एका काडीत पेटवला. बाबांनी शिट्टी वाजवली नाही, नुसती मान हलवली आणि तोंड फिरवून खोकत बसले. मला त्या खोकल्याचाही संशय आहे, जरा लांबवल्यासारखा वाटला. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुझी धाकटी

ता. क. एवढं लिहिलं त्यातलं बाकी विसरलास तरी चालेल. खरं काम हे आहे. बाबांनी तुझ्याकडे किल्ली मागितली असं तू मागे फोनवर सहज म्हणालास. ती हरवली म्हणून सांग. साफ खोटं बोल. तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा आधी खरंच कुठेतरी टाकून दे आणि मग सांग.

ता. क. दोन. ऑफिसला उशीर होतो आहे, म्हणून हे पत्र बाबांकडेच टपालात टाकायला देते आहे. पाकीट दोनदा चिकटवलं आहे, काळजी नसावी.

ता. क. तीन. (अक्षर बदललं आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल.) चिरंजीवास अनेक आशीर्वाद. पाकीट चांगलं चिकटवलं होतं, वाफेवर उघडावं लागलं. माझी लेक आहे, संशय तिला कुणाकडून आला हे शोधायला विमा कंपनी नको. मी कुठेही राहायला जात नाही. किल्ली हवी होती ती त्या खोलीतला तुझ्या आईचा जुना स्टोव्ह आणायला, लहानपणी धाकटी त्याच्यावर पाणी तापवायची, त्याला ती भीत नाही. पण आता नवा एका काडीत पेटवते, तेव्हा किल्ली खुशाल टाकून दे. डॉक्टर काय म्हणाले ते तू आलास की सांगेन, लवकर ये. तोवर एवढंच समज की तयारी ठेवायला त्यांची हरकत नाही. पेटी तिची आहे. कॉफी तिची आहे, पिशवीचं माप तिच्या जुन्या झंपरावरून घेतलं आहे आणि समोरच्या बाईंनी शिलाई घेतली नाही. वर्गात सगळ्यात कच्च्या मुलीला मी सगळ्यात जास्त वेळ उभं करत असे, इतकंच चाललं आहे. डबे मात्र अजून नीट ओळखता येत नाहीत, मासे आणि अननसात घोटाळा करते. यातलं तिला काही कळवू नकोस, रडत बसेल आणि सराव बुडेल. ताटली एकच ठेवली आहे ती मुद्दाम. दोन ठेवल्या तर दुसरी मांडून माझी वाट बघत बसेल.