उद्या कळवते

१५ एप्रिल, मंगळवार

भुताचा पिक्चर. भूत चांगलं गुबगुबीत होतं — दोन वेळचं जेवत असणार! मला मध्यंतरापर्यंत एक डुलकी लागून गेली.

बाहेर आल्याबरोबर रतन सुरू. ‘लई भारी व्हतं वो ताई! मी तर डोळंच झाकलं व्हतं.’ डोळे झाकून पाहिलेला पिक्चर भारीच असणार. रतनला सगळंच भारी. थिएटरचा एसी भारी, वडापाव भारी. माझ्या धाकट्या दिरालाही ती भारी म्हणते, म्हणजे काय ते आलंच. धाकटी जाऊ म्हणून सोबत न्यावी लागते.

आमच्या मंगळवारच्या पिक्चर-ग्रुपमधल्या बायकांनी विचारलं, तुम्हाला कसा वाटला? मी दारात उभं राहून मत देत नाही. पिक्चर रात्रभर मुरू द्यावा. म्हटलं, उद्या कळवते. तर रतन म्हणते, ‘झालं! ताईंचं उद्या कळवते म्हंजी फाशी. निस्ता दोर आनायला गेल्यात.’

सगळ्या हसल्या. हसू देत. थोडी भीती असलेली बरी.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी ग्रुपवर मत टाकलं. नापास.

त्यावर संस्कृतीने — रतनची नवी सून — लिहिलं, ‘मला तर खुप आवडला, मी खुप रडली.’ ‘खूप’मधला ‘खू’ दीर्घ, आणि ‘रडली’ नाही, ‘रडले’. तिथंच सगळ्यांसमोर लिहिलं. शिवाय भुताच्या पिक्चरला रडणाऱ्या माणसानं मत देण्याआधी डॉक्टरला दाखवावं, हेही लिहिलं. दुपारी ती ग्रुप सोडून गेली. बरं झालं.

रात्री जेवताना ऋषी म्हणाला, ‘आई, तिला एवढं बोलायची काय गरज व्हती?’ म्हटलं, आधी ‘होती’ म्हण, मग पुढचं बोल. पुढचं काही बोललाच नाही. मी पंचाऐंशी सालची बी.ए., आणि माझा मुलगा ‘व्हती’ म्हणतो!

१९ एप्रिल, शनिवार

ओतूरकडच्या स्थळाचा फोन नाही. येणारही नाही. मुलीचे वडील निघताना ‘कळवतो’ म्हणाले होते. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, स्थळाच्या बाबतीत ‘कळवतो’ म्हणजे ‘नाही’. तोंडावर नकार द्यायची धमक नसली की माणूस ‘कळवतो’ म्हणतो. असल्या माणसांची मला किळस येते. यायचं, पोहे चापायचे, घर डोळ्यांनी मोजायचं, आणि — कळवतो!

ऋषी चौतीसचा झाला. द्राक्षबाग आहे, विहिरीला पाणी आहे, घर स्लॅबचं आहे. पण पोरींना पुण्यात दोन खोल्या आणि नोकरीवाला पाहिजे. शेतकरी नको. ताटात भाकरी मात्र पाहिजे.

२२ एप्रिल, मंगळवार

आज शेतकऱ्यांच्या पोरांना बायको मिळत नाही यावरचा विनोदी पिक्चर. थिएटर खदाखदा हसत होतं. पुढच्या रांगेतली चार पोरं तर एकमेकांना ढोसून ‘हा तू! हा तू!’ करत होती. चौघेही बिनलग्नाचे असणार, तोंडावरूनच कळत होतं.

ऋषी गाडी चालवायला म्हणून आला होता. तोही हसला. शेवटी पिक्चरमधल्या पोराचं लग्न होतं. तिथं मात्र हसला नाही.

बाहेर रतन — ‘आपला ऋषीच वाटला की वो ताई!’ तोही तिथंच उभा. म्हटलं, रतन, तोंडाला झाकण लाव.

पिक्चर नापास. दुसऱ्याच्या घरातली अडचण दाखवून तिकिटं विकायची, ही काय कला?

२९ एप्रिल, मंगळवार

दादाभाऊ शिनोलीहून आला. माझा भाऊ, पण बोलणं पोतंभर आणि काम ओंजळभर. आज मात्र स्थळ घेऊन आला. लोणीच्या सोपानरावांची स्नेहल. बी.कॉम., मंचरला पतसंस्थेत आहे. आणि शेतकरी चालेल म्हणते! दोनदा विचारून घेतलं.

‘चालंल म्हणलीय अक्का. पर पोरीची अट हाय.’

पोह्यांची ताटली घेऊन समोर येणार नाही, म्हणे. दोन्ही घरांनी मंचरला पिक्चर बघायचा, मग चहा प्यायचा, त्यात काय बघायचं ते बघून घ्यायचं. दादाभाऊला वाटलं मी भडकेन. मला अट आवडली. पोहे खाताना माणूस नाटक करतो, अंधारात करत नाही. कुठं हसतो, कुठं मोबाईल काढतो, त्यावर सगळं कळतं.

ऋषीला सांगितलं. ‘बरं’ म्हणाला. मग बागेत जाऊन छाटणीवाल्यांवर ओरडला. म्हणजे खूश आहे.

४ मे, रविवार

मोठा पिक्चर. तीन तास. परदेशातला राजवाडा, त्यात लग्न, लग्नात भांडण, प्रत्येक गाण्याला नवी साडी. एवढ्या साड्या आणि एकीलाही नीट निऱ्या घालता येत नाहीत!

माझ्या एका बाजूला सोपानराव. पायात नवी चप्पल, ती चावत होती, म्हणून अंधारात काढून ठेवली आणि मध्यंतरात एक सापडेना. पलीकडे त्यांची बायको बयाबाई, ती पहिल्या गाण्यालाच झोपली, तोंड उघडं टाकून. पुढच्या रांगेत स्नेहल आणि ऋषी. पोरीने मोबाईल एकदाही काढला नाही. मोठ्याने हसते. एका ठिकाणी ऋषीला म्हणाली, ‘हे लोक कामाला कधी जातात?’ ऋषी हसला. घरात तो असा हसत नाही.

नंतर बाहेरच्या टपरीवर चहा. दादाभाऊ पान आणायला गेला होता. ऋषी सगळ्यांना कप देत होता. सोपानराव म्हणाले, ‘मग ताई, कसं काय वाटलं?’

मी सहसा त्याच दिवशी मत देत नाही, पण पाहुणे माणूस, म्हणून थोडक्यात सांगितलं. म्हटलं, ‘दिसायला बरं आहे. खर्चही भरपूर केलेला दिसतो. पण वळण नाही. रात्रभर विचार करते, उद्या कळवते.’

सोपानरावांनी अर्धा कप तसाच ठेवला. चहा पाणचटच होता. ‘बरं. येतो आमी,’ म्हणाले. बयाबाई डोळे पुसत होती, झोपेतून नुकती उठलेली. स्नेहलने वाकून नमस्कार केला, मान वर केली नाही. लाजली असावी. इतक्या मोठ्याने हसणारी पोर लाजतेही, हे चांगलं लक्षण.

दादाभाऊ पान घेऊन आला तेव्हा ते निघूनही गेले होते.

५ मे, सोमवार

ग्रुपवर मत टाकलं — पिक्चर नापास. कथेला वळण नाही. रतनने लगेच अंगठा पाठवला, तिने अजून पाहिलाही नाही!

पोरगी मात्र पास. मी एका भेटीत कुणाला पास केलेलं नाही. रात्री ऋषीला तसं सांगितलं. म्हटलं, मुलगी चांगली आहे, थोडी घासून घ्यावी लागेल. हसणं मोठं आहे, ते कमी करू. पतसंस्था वर्षभर ठीक, मग बागेत माणूस लागतो. दर रविवारी लोणीला पळणं चालणार नाही, सणाला जावं. नाव बदलायचं का ते बघते, स्नेहल जरा लाडिक वाटतं.

ऋषीने हातातली भाकरी ताटात ठेवली. पोट भरलं म्हणाला. आनंदाने माणसाची भूक मरते.

होकार गुरुवारी देऊ. लगेच दिला तर त्यांना वाटेल, पोरगं पडून आहे.

८ मे, गुरुवार

होकार द्यायला दादाभाऊला फोन करणार, तोच तो दारात. चप्पल न काढताच सुरू झाला.

‘अक्का, तू काय बोललीस त्या मानसास्नी?’

‘काय बोलले? पिक्चरचं बोलले.’

‘“वळण न्हाई” म्हणलीस! पोरीच्या बापाला! पोरीच्या देखत!’

मला आधी समजेचना. मग समजलं. दिसायला बरं. खर्च भरपूर. पण वळण नाही. आणि वर — कळवते. सोपानरावांनी बैलजोडी विकून पोरीला मंचरला शिकवलं, म्हणे. तिथं मी खर्च काढला.

‘कथेला वळण नाही, कथेला! हे लोक ऐकतात कसं?’

‘कथेला म्हणली व्हतीस का?’

म्हणाले नव्हते. पण कसं वाटलं विचारल्यावर पिक्चर बघून आलेला माणूस पिक्चरचंच सांगणार ना?

दादाभाऊ म्हणाला, ‘बाप पोर दाखवायला घेऊन आलाय. तो पिच्चरचं कशाला इचारंल, राव? पिच्चर काय त्यानं काढलाय?’

त्याला चहा दिला नाही.

जाताना म्हणाला, त्यांनी दुसरं स्थळ बघायला घेतलंय. ‘जा आन् सांग. तू सोता जा. मी गेलो तर मला ग्वाड ग्वाड बोलतील आन् कळवतो म्हणतील.’

९ मे, शुक्रवार

मी जाणार नाही. चूक त्यांच्या कानांची आहे.

११ मे, रविवार

गेले.

एसटीने गेले. ऋषी सोडतो म्हणाला नाही, मीही म्हटलं नाही. रतनला कुठून कळलं कोण जाणे, स्टँडवर हजर — ‘मी येते वो ताई, मला बोलता येतं.’ म्हटलं, तू तिथं रडशील. ‘रडायलाच तर येते की! तुमाला कुठं येतं?’ तिला तिथंच ठेवून गाडीत बसले. मंचरपर्यंत उभी. लोणीपर्यंत शेजारी एक म्हातारा, मांडीवर कोंबडी घेऊन. कोंबडीने माझ्या पदराला चोच मारली.

सोपानराव कांदा चाळीत भरत होते. बयाबाई सडका कांदा बाजूला काढत होती. मी बोलत होते, तेवढा वेळ तिचा हात थांबला नाही. सगळं ऐकून म्हणाली, ‘पिच्चरवर येवढा राग, ताई. मग उद्या माझ्या पोरीची भाकर करपली, तर काय करशाल?’ आणि एक कांदा उकिरड्यावर फेकला. मला फेकल्यासारखा.

मी म्हटलं, ‘चुकलं माझं.’

मग मागून हसू. स्नेहल पाण्याचा तांब्या घेऊन उभी. बापाला म्हणाली, ‘दादा, पिक्चरला वळण नव्हतंच. काकू खरं तेच बोलल्या. मला तर तिथंच शंका आली होती, पण तुम्ही चप्पल फरफटत निघालात, विचारू कुणाला?’ बापही हसला. बयाबाई नाही. पण तिने माझ्यासाठी पोतं अंथरलं.

सोपानराव म्हणाले, ‘येत्या रविवारी पोराला धाडा. दोगं बोलतील. मग बगू.’

जिंकून आले! पोरीचं हसणं मोठंच आहे, चाळीतला कांदा हलला असता. ते नंतर बघू.

१२ मे, सोमवार

काल घरी आले तेव्हा ऋषी फवारणीचा पंप धूत होता. सगळं सांगितलं — एसटी, कोंबडी, कांदा. चुकलं म्हणाले, तेही सांगितलं. त्याच्यासाठी मी हे केलं, हे त्याला कळायला हवं. म्हटलं, येत्या रविवारी लोणीला जायचं, निळा शर्ट घाल.

पंपातलं पाणी ओतत म्हणाला, ‘कळवतो.’

मला चेष्टा आवडत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

१५ मे, गुरुवार

निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. रतन विचारते, बोलणी कधी? म्हटलं, सोमवारी सांगते.

संस्कृती अंगणातून गेली. मला बघून पदर सारखा केला. वळण लागतं, लावलं की.

१८ मे, रविवार

शर्ट खुंटीवरच. ऋषी बागेतून आला, हातपाय धुतले. ‘सकाळी लोणीला फोन केला मी,’ म्हणाला. ‘नाही म्हणून सांगितलं.’

विचारलं, त्या दिवशी कप वाटत तू तिथंच उभा होतास. मी पिक्चरचं बोलतेय, हे तुला कळलं नव्हतं?

‘कळलं होतं.’

मग तिथंच बोलला का नाहीस?

‘तिचं हसणं तसंच राहावं वाटलं. पोरगी चांगली व्हती, आई.’